दलप्रमुखांच्या भेटीची तालीम

देशाच्या तिन्ही सैन्यदलांवरचे एकच सर्वोच्च अधिकारी, संरक्षण दलप्रमुख, उद्या कासार आंबोली गावात येणार होते, म्हणून आज त्यांच्या जागी ज्ञानदेव उभे होते. अशा भेटीची आधी तालीम होते आणि तालमीला एक खोटा प्रमुख लागतो, हे निवृत्त हवालदार असलेल्या ज्ञानदेवांना नवे नव्हते. उंची जुळली, फौजी चाल अजून मोडलेली नव्हती; तालीम घेणाऱ्या कॅप्टन निषादने त्यांच्या हाती छडी देत म्हटले, "काका, घटकाभर तुम्ही देशातले सगळ्यात मोठे सैनिक."

सुरुवातीला ज्ञानदेवांना गंमत वाटली. ज्या बड्या साहेबांच्या येण्याच्या नुसत्या बातमीवर त्यांनी जन्मभर दगडांना चुना फासला, त्यांच्यासाठी ठेवलेल्या गाडीचे दार आज कोणी अदबीने उघडत होते.

मंचावर चढल्यावर मात्र ती गंमत ओसरली. समोर मखमली पडद्याआड, उद्या अनावरण व्हायचा, अभयचा स्मृतिस्तंभ होता आणि त्याच्या मागे, नेमका फोटोत येईल असा, बिल्डर विलासशेठच्या बंगल्यांच्या प्रकल्पाचा फलक. त्यावर पोहण्याच्या तलावाकाठी एक जोडपे हसत होते. अभय ज्ञानदेवांच्याच बौद्धवाडीतला. जवान होता; सीमेवर दरडीखाली गेला. वाडीने विहारासमोर त्याच्यासाठी चौथरा बांधून ठेवला होता. पण विलासशेठने दगड फुकट देऊ केला, पंचायतीने मान डोलावली, आणि वाडीच्या बोळात गाड्यांचा ताफा वळत नाही एवढ्या सबबीवर स्तंभ विलासशेठच्या प्रकल्पाच्या फाटकात उभा राहिला.

"आता आई," कॅप्टनने हाक दिली.

अभयची आई, इंदूबाई, वर आल्या. त्यांनी शाल घ्यायची, हात जोडायचे आणि दुसऱ्या बाजूने उतरायचे, एवढेच ठरले होते.

"मावशी, डोळ्याला जरा पदर लावा की!" विलासशेठ खालून ओरडला. "उद्या टीव्हीवाले हायेत!"

ज्ञानदेवांनी ठरल्याप्रमाणे शाल पुढे केली.

इंदूबाईंनी पदर लावला नाही, शालही घेतली नाही. "भावजी, आज तुमीच मोठं सायब न्हवं?"

"म्हटलं तर व्हय, वहिनी."

"मंग ऐका. माझ्या लेकराचा दगड वाडीत न्या. हितं वॉचमन मला इचारतो, कुणाकडं जायचंय म्हून. काय सांगू त्येला? पोराकडं?"

खाली कोणीतरी फसकन हसले. "सायेब, सोडा हुकूम!" विलासशेठने टाळी वाजवली.

ज्ञानदेवांच्या हातात कार्ड होते. आईला उद्देशून म्हणायचे वाक्य त्यावर छापलेले: 'संपूर्ण देश तुमच्या पाठीशी आहे.' त्यांनी कार्ड खिशात घातले. ते कॅप्टनकडे वळले. "साहेब, हे उद्या त्यांच्या कानावर जाईल?"

निषाद वाईट मुलगा नव्हता. त्याने नजर चुकवली. "काका, सरांनी यात पडायचं नसतं. ते येतात, मानवंदना देतात, जातात. अशा अडचणी आधी कळाव्यात म्हणून तर तालीम असते." मग सुभेदाराला तो हलकेच म्हणाला, "बदल करा. आई वर येणार नाहीत. त्यांना खाली बसवा, शाल तिथेच देऊ. माईक लांब ठेवा."

गळका नळ, भटके कुत्रे, उखडलेली फरशी: साहेबांच्या नजरेला पडू नये ते तालमीत हेरून हटवायचे, हे काम ज्ञानदेवांनी स्वतः कितीदा चोख केले होते. आज त्याच सफाईने एक आई बाजूला काढली गेली. त्यांना छडीची किळस आली. त्यांनी ती खुर्चीवर टाकली.

"प्रमुख निघाले," ते म्हणाले आणि इंदूबाईंसोबत पायऱ्या उतरले.

कॅप्टनने घड्याळ पाहिले. उजेड उतरत चालला होता. "विलासशेठ, तुम्ही या जरा वर, प्रमुखांच्या जागी."

विलासशेठ कोटाचे बटण लावत चढला. जवानांच्या टाचा एका आवाजात जुळल्या आणि रांगेने त्याला कडक सलामी दिली. मग बिगुल सुरू झाला.

फाटकाबाहेर ज्ञानदेवांचे पाय जागीच थिजले.

"का थांबलात?"

"हा गेलेल्या जवानासाठी वाजवत्यात, वहिनी. हालायचं नसतं."

इंदूबाईंनी मागे वळून पाहिले. छाती काढून विलासशेठ सलामी घेत उभा होता.

"माझ्या पोरासाठी न्हाई," त्या म्हणाल्या. "त्येच्यासाठी वाजतोय. चला."

बिगुल अजून थांबला नव्हता. ज्ञानदेव चालू लागले.