काळं पडण्याआधी

"याला फूल म्हणायचं? मेणबत्ती बरी दिसते," शिपाई पुटपुटला आणि ओल्या शेवाळात गुंडाळलेला पांढरा तुरा त्याने बाईंच्या टेबलावर ठेवला. "ना पान, ना हिरवेपणा. तंगडतोड मात्र सहा किलोमीटर!"

"अहो, ते बुरशीच्या मार्फत झाडांचं आयतं खातं. स्वयंपाकच करायचा नाही, तर हिरवं कशाला व्हायचं?" बाई म्हणाल्या.

वनस्पतिसंग्रहालयात बाई एकतीस वर्षं चित्रं काढत होत्या. दुसरं काही त्यांना येत नव्हतं. बाकीची झाडं दाबून, वाळवून टिकत. हे फूल तोडल्यावर काही तासांत काळं पडायचं. फोटोत पाकळ्यांच्या आतलं धड दिसत नाही, म्हणून ताजं असतानाच चितारायचं. अकरा वर्षांनी सापडलं होतं, तेही एवढंच.

बाईंनी पाकळी अलगद उघडली, टाक शाईत बुडवला. सावलीसाठी ठिपके द्यायचे होते. पहिल्या ठिपक्याला शेपूट फुटलं. दुसऱ्यालाही. त्यांनी कागद बदलला.

"टाकच खराब असेल, वहिनी," शेजारच्या टेबलावर वाळलेले नमुने चिकटवणाऱ्या त्यांच्या नणंदबाई मान वर न करता म्हणाल्या.

सहा महिने झाले, बाई चहाला गेल्या की वन्सं ब्लेडने त्या शेपट्या खरवडायच्या आणि नवे ठिपके द्यायच्या. परत आल्यावर बाई चित्राकडे बघायच्या. बोलायचं कुणीच नाही.

साहेब डोकावले, शेपट्या फुटलेला कागद त्यांनी पाहिला. "चहा जरा कमी करा, बाई." शिपायाने टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी सरकवली. टेबल मुळीच डुगडुगत नव्हतं.

तिसरा कागद. पाकळ्यांच्या कडा करड्या झाल्या.

"वहिनी, चहा पिऊन या ना."

"आज तेवढा वेळ नाही, वन्सं."

"होईल ना?" साहेबांनी घड्याळ पाहिलं. "नाहीतर उद्या कोळसाच राहील."

"न व्हायला काय झालं? वहिनींचा हात म्हणजे…" वन्सं मध्येच थांबल्या. शिपाई खिडकीबाहेर बघू लागला.

बाईंनी टाक पुसून ठेवला. उठल्या, खुर्ची वन्संकडे वळवली.

"साहेब, माझा हात थरथरतो. सहा महिन्यांतली सगळी चित्रं वन्संनी निस्तरलीत. वन्सं, बसा इथे. आधी पाकळ्या घ्या, देठ अजून तासभर थांबेल."