तिपाईवरच्या जुन्या डब्याचं गाऱ्हाणं

हो, मीच बोलतोय. पलंगाशेजारच्या तिपाईवर बसलेला, पाठीतून लांब नळी निघालेला, रात्रभर घरघरणारा मी. डॉक्टरांच्या भाषेत मी सीपॅप मशीन. या घरात माझं नाव डबा. "डबा लावलात का?" असं बाई विचारतात, गृहस्थ "हं" म्हणतात, आणि माझी ड्यूटी सुरू होते.

माझं काम तसं सोपं. झोपेत आमच्या गृहस्थांच्या घशाची वाट मिटते, श्वास अडतो, जीव गुदमरून ते अर्धवट जागे होतात, आणि सकाळी यातलं काही म्हणता काही त्यांना आठवत नाही. मी नळीतून, नाकावरच्या मास्कमधून हवा रेटतो आणि ती वाट उघडी ठेवतो. किती जोराने रेटायची तो आकडा डॉक्टरांनी नऊ वर्षांपूर्वी तपासणी करून माझ्यात बसवला. तेव्हा मी कोरा करकरीत होतो आणि गृहस्थांच्या पँटी कमरेत सैल व्हायच्या.

पहिल्या आठवड्यातच त्यांचा चेहरा पालटला. त्याआधी ते जेवता जेवता पेंगायचे. मग रोजचं शब्दकोडं पुरं करायला लागले. बाई शेजारणीला सांगायच्या, "डबा आला आणि माझा नवरा मला परत मिळाला." खोटं कशाला बोलू, ते ऐकून मी चांगला फुगलो होतो.

पण नऊ वर्षांत गृहस्थांची मान भरली, पोट सुटलं, घशाची वाट आणखी अरुंद झाली. माझा आकडा मात्र होता तिथेच. अधूनमधून तपासून घ्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण जातंय कोण? "चाललंय की व्यवस्थित," हे या घरातलं ब्रह्मवाक्य. व्यवस्थित कुठलं डोंबलाचं? मी हवा रेटतो, ती घशापाशी जाऊन अडते, आणि त्यापुढे ढकलायची मला परवानगी नाही. ते गुदमरतात, चुळबुळतात, पुन्हा झोपतात. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो. कळतंय सगळं आणि सांगता येत नाही, असलं नशीब वैऱ्याच्या मशीनलाही येऊ नये.

त्यात माझी मोटार झिजली आणि घरघर वाढली. आता या दोघांची अक्कल बघा. आवाज वाढला म्हणजे जोर वाढला, अशी त्यांची पक्की समजूत. "अजून कसा दणदणीत चालतो बघ," म्हणत गृहस्थ माझ्या पाठीवर थाप मारतात. अहो, तो माझा खोकला आहे.

गृहस्थ छापखान्यात कागद कापतात. मोठमोठे गठ्ठे पात्याखाली सरकवायचे, रेघेला रेघ जुळवायची आणि पातं खाली आणायचं. हातात अशी सफाई की तिथे सगळे त्यांना फूटपट्टी म्हणतात. त्या फूटपट्टीने परवा वह्यांचा अख्खा गठ्ठा तिरका कापला. घरी येऊन दोष दिला पात्याला. बाईंनी चहा पुढे ठेवला, तर बिस्कीट बुडवता बुडवता यांची मान खाली. बिस्कीट चहात विरघळून गेलं. बाईंनी त्याचा गाळ चमच्याने काढला आणि मुकाट्याने डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टरांनी एक नवं मशीन आठवडाभर वापरून बघायला दिलं. मला जळफळाट झाला असेल असं तुम्हाला वाटेल. छे. मला वाटलं, सुटलो एकदाचा. पाहुणा हुशार होता. सुरुवात अगदी हळू करायचा आणि घशाची वाट जशी मिटेल तसा हवेचा जोर आपला आपणच वाढवायचा. आवाज म्हणाल तर मांजर चालावं इतका. शिवाय रात्री काय काय घडलं ते डॉक्टरांना परस्पर कळवायचा.

दुसऱ्याच सकाळी त्याच्यावर खटला उभा राहिला.

"याच्यात दमच नाही गं," गृहस्थ म्हणाले. "नाकाशी नुसती फुंकर. आणि वर चहाडखोर. माझ्या झोपेच्या चुगल्या डॉक्टरांकडे करणार."

"मला तर डोळ्याला डोळा लागला नाही," बाई म्हणाल्या. "इतकी शांतता. सारखं मनात येई, यांचा श्वास चाललाय ना? तुमच्या छातीवर हात ठेवून ठेवून रात्र काढली."

"म्हणजे तुलाही डबाच बरा."

"निदान आवाज येतो. आवाज येतोय म्हणजे सगळं ठीक, एवढं तरी कळतं."

मला कपाळ नाही, नाहीतर बडवून घेतलं असतं. त्या रात्री गृहस्थ किती वर्षांनी सरळ झोपले होते, ते मला चढवून ठेवलेल्या कपाटावरून मी पाहिलं होतं. पण मला विचारतो कोण? आठवडा पुरा व्हायच्या आत पाहुणा खोक्यात गेला आणि मी पुन्हा तिपाईवर आलो. बाईंनी मला ओल्या फडक्याने लाडाने पुसलं. माझ्या रबरी पायांची आग थेट मस्तकात गेली.

मग एका संध्याकाळी गृहस्थ हसत हसतच घरात आले. बाई पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"आज गंमत झाली," ते म्हणाले. "आमचं नवं कटिंग मशीन म्हणजे सोनं आहे. गठ्ठा सरकवला, दोन्ही हातांनी दोन्ही बटणं दाबून धरली, आणि उभ्या उभ्या मला डुलकी लागली. हात बटणांवरून सुटले ते गठ्ठ्यावर. आणि हात सुटताच पातं जागच्या जागी थांबलं."

बाईंच्या हातातली घडी अर्धीच राहिली. "आणि जुनं असतं तर?"

"ते पायाने चालायचं. ते कसलं थांबतंय," गृहस्थ म्हणाले, आणि त्यांचं हसू तिथेच संपलं. ते स्वतःच्या बोटांकडे बघत बसले.

"ते जुनं काढून टाका म्हणून मालकाशी कोण भांडलं होतं?"

"मीच."

"का? चालत तर होतं व्यवस्थित."

गृहस्थांनी बोटं मुठीत मिटून घेतली.

"हाताखालच्या पोरांची बोटं जाऊ नयेत म्हणून तिथे वर्षभर डोकं फोडलंत," बाई घडी बाजूला टाकून म्हणाल्या. "आणि इथे मी शहाणी, डब्याची घरघर ऐकून खूश. उद्या डॉक्टरांकडे जायचं आणि ते नवं घरी आणायचं. मला झोप येवो न येवो."

"आणि त्या चुगल्या?"

"करू दे. कुणीतरी आधीच करायला हव्या होत्या."

बाई, तुमच्या तोंडात साखर पडो. मी हेच तर इतके दिवस घशात दाबून बसलो होतो.

पाहुणा आला तो कायमचा. गृहस्थांनी थोडे दिवस कुरकुर केली, मग निमूटपणे शब्दकोडी सुटायला लागली. मला कपाटावर टाकलं. मीही म्हटलं, झाली सुटका. पण बाईंच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली. डॉक्टरांनी सगळं उत्तम आहे म्हणून सांगितलं, तरी शांततेवर त्यांचा विश्वास बसेना.

शेवटी एका रात्री गृहस्थांनी मला खाली काढलं, पुसलं, आणि बाईंच्या बाजूला स्टुलावर ठेवलं. नळी नाही, मास्क नाही. नुसती वायर लावली आणि बटण दाबलं.

"हा घे तुझा डबा," ते म्हणाले. "आता झोप. माझी काळजी हा दुसरा घेईल."

मी कुणाच्याही नाकात हवा न रेटता नुसताच घरघरलो. बाईंनी कूस बदलली आणि बघता बघता त्यांना गाढ झोप लागली.

म्हणजे बघा, इतकी वर्षं जीव ओतून हवा रेटली, आणि कामाला आला तो माझा खोकला. चीड येते हो, अजूनही येते. तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल तर त्याच्या पाठीवर उगाच थापा मारू नका. आधी त्याला डॉक्टरांकडून तपासून आणा.

चला, दिवा मालवला. बाईंना झोपायचंय, मला खोकायला हवं.