वाएलोराचा थांबा

जहाज वाएलोराला लागायला तासभर होता आणि मला बसवत नव्हतं. कठड्यापाशी उभी राहायचे, पुन्हा आत जायचे, पिशवीतले कागद आहेत ना ते बघायचे. खरं तर काम एवढंसं होतं. गावच्या राजाची एक सही. आमच्या मालुकूत गावच्या प्रमुखाला राजाच म्हणतात, मग अंगावर फाटका बनियन का असेना. सही घ्यायची, त्याच जहाजानं अंबोनला परतायचं आणि गुरुवारच्या बैठकीत अहवाल मांडायचा.

अहवाल माझाच होता. सरकार तोटा सोसून हे जहाज चालवतं, पंधरवड्यातून एकदा, आठ बेटांना. एकेका थांब्यावर जो खर्च होतो त्यातून देशाच्या पदरात काय पडतं, हे काढायचं काम आमच्या कचेरीला मिळालं होतं. मी चार महिने बेटांवर काढले. प्रत्येक बेटावर एक पंधरवडा राहायचं, घरोघर विचारायचं, धक्क्यावर छत्री घेऊन बसायचं, चढणारी माणसं आणि पोती मोजायची. वाएलोराचं उत्तर निघालं शंभराला साठ. म्हणजे शंभर रुपिया घाला आणि साठांचा फायदा घ्या. थांबा बंद करावा, असं मी लिहून टाकलं. आकड्यांचं काम करणाऱ्यानं हळवं होऊ नये, असं मला तेव्हा वाटायचं.

धक्का दिसला आणि वाटलं, कप्तान चुकीच्या बेटावर आलाय. ऑगस्टात मी त्याच धक्क्यावर अकरा पोती मोजली होती. आता उभं राहायला जागा नव्हती. सुक्या खोबऱ्याची पोती छातीएवढी रचलेली, वर बायका बसलेल्या, आणि माझं आधी की तुझं आधी यावरून दोघींची चांगलीच जुंपलेली. खोबऱ्याचा धुरकट, तेलकट वास थेट डेकपर्यंत येत होता.

उसी योसिना मला लगेच दिसली. उसी म्हणजे आमच्याकडची थोरली ताई. ऑगस्टात मी तिच्याच घरी राहिले होते. ती तीन पोत्यांवर पाय पसरून बसली होती.

"उसी, हे सगळं आलं कुठून?"

"झाडावरून," ती म्हणाली.

मग मला कळलं. सासी उठली होती. सासी म्हणजे गावानं स्वतःवर घातलेली बंदी. चर्चमध्ये प्रार्थना होते, माडांना आणि वाटेवरच्या खांबांना कोवळी झावळी बांधतात, आणि ती उतरेपर्यंत पाच-सहा महिने नारळाला कुणी हात लावत नाही. ऑगस्टात सासी होती. माल नव्हताच, तर पोती कुठून येणार? हे मला कुणी परक्यानं सांगायला नको होतं. माझ्या आजोळी आजही सासी पाळतात. इथे धक्क्याच्या वाटेवर झावळी लोंबत होती आणि मी तिला धक्का लागू नये म्हणून रोज छत्री वाकडी करून जात होते. पाया पडल्यासारखी जायचे आणि धक्क्यावर बसून अकरा पोती लिहायचे.

मला राग आला, आणि तो आधी योसिनावरच काढला. मला सांगितलं का नाहीस, म्हणून.

"तू विचारलंस, या जहाजानं किती पोती पाठवणार. मी म्हटलं, एक. खोटं बोलले का?" योसिना म्हणाली. "झावळी तर तुझ्या डोक्यावर होती, पोरी. तोमासोआंच्या घरची मुलगी तू. तुला सासी काय ते मी शिकवू? तुझ्या आईनं तोंडात मारली असती माझ्या."

जहाज गेलं तर ही पोती व्यापाऱ्याच्या होडीत चढतील आणि तो देईल तो भाव, हेही तिनं मला तेव्हाच सांगितलं होतं. तिची मुलगी अंबोनला नर्सिंग शिकते ती याच खोबऱ्यावर. मी ते 'इतर माहिती' म्हणून शेवटच्या पानावर घातलं होतं.

तेवढ्यात राजा आला, स्वतःचं पेन घेऊन. मोजणी बरोबर झाली असा तो कागद होता. त्यानं वाचलाही नाही. तू मोजलंस ना, मग झालं, म्हणाला आणि पोत्यावर कागद ठेवून वाकला. सही झाली असती तर माझं सगळं सुरळीत होतं. मी त्याचा हात धरला.

"सही करू नका, बापा राजा. मी चुकीचं मोजलंय."

"किती चुकीचं?"

"तुमचं जहाज जाईल इतकं."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं फक्त जहाज किती वेळ थांबणार ते विचारलं. तीन तास. मग त्यानं पाद्रीबाईंना वही आणायला सांगितली. सासी उठली की प्रत्येक घर पहिलं पोतं चर्चला देतं, म्हणून कुणाची किती पोती निघाली ते त्या वहीत असतं. अकरा वर्षांची वही होती. योसिना वाचत होती, मी उतरवत होते, आणि खलाशी आमच्या अंगावरून पोती नेत होते. कुणीतरी सागोची भाकर हातात दिली, ती खाल्ली की नाही आठवत नाही. दर दोन मिनिटांनी मी भोंग्याकडे कान देत होते. भोंगा वाजला तेव्हा दीड वर्ष उतरवायचं राहिलं होतं. योसिनाची दोन पोतीही राहिली, कारण जहाज भरलं होतं.

गुरुवारी मी उभी राहिले आणि सांगून टाकलं. आमचे प्रमुख बापा हेन्दार्तो जावाचे. त्यांचा आवाज कधी चढत नाही, आणि त्याचीच मला भीती वाटते. त्यांनी माझे हाताने लिहिलेले कागद एकेक करून पाहिले. हे आधी दिसलं नाही का, एवढंच विचारलं.

"दिसलं होतं, बापा. मी खालून वाकून गेले."

त्यांनी पुन्हा हिशेब करायला लावला, तिथेच, सगळ्यांसमोर. शंभराला एकशे बारा. वाएलोरा वाचलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही.

मग जहाज खात्याचे गृहस्थ म्हणाले की छान झालं, पण पैसा सातच थांब्यांचा आहे, ते वर ठरलंय. वाएलोरा नाही तर मग खालून पहिलं कोण?

सगळे माझ्याकडे बघू लागले. तक्ता माझ्या हातात होता.

"लुहेला," मी म्हणाले. "शंभराला एक्याण्णव."

त्यांनी लिहून घेतलं. एक मिनिटही लागलं नाही. आणि मला आठवलं की वाएलोराहून मी थेट लुहेलालाच गेले होते, ऑगस्ट संपता संपता. तिथेही माडच आहेत. तिथे मी नऊ पोती मोजली होती.

"थांबा," मी म्हणाले. "लुहेला लिहू नका."

"तिथेही सासी होती का?" बापा हेन्दार्तोंनी विचारलं.

मी लुहेलाचा धक्का आठवून पाहिला. पायऱ्या आठवल्या, माझी मोजणीची वही आठवली, पायाशी झोपणारं एक कुत्रं आठवलं. वाटेवरचे खांब काही केल्या आठवेनात. लुहेलाला जाणारं जहाज अकरा दिवसांनी होतं, आणि अहवालावर सह्या सोमवारी.

"माहीत नाही," मी म्हणाले.

जहाज खात्याच्या गृहस्थांनी लिहिलेलं लुहेला तसंच ठेवलं, पेनाला टोपण लावलं आणि पुढचा विषय घेतला.