काठावरची जागा

मेख वाकली होती. अगदी थोडी, मधोमध, कुणी बोटाने जवळ ये म्हणून खुणावावं तशी. रेविनने ती उपटून तळहातावर आडवी ठेवली, मग दगडावर टेकवून हातोड्याचे दोन घाव घातले. सरळ झाली – म्हणजे झाल्यासारखी दिसली. तंबूच्या या कोपऱ्याखाली, वीतभर मातीच्या आत, एक धोंडा आहे. तिला ठाऊक होतं. एकोणीस वर्षं ठाऊक होतं. दर जानेवारीत, इथल्या ऐन उन्हाळ्यात, नेव्हिल, तेव्हाचा तिचा नवरा, त्या धोंड्याला शिव्या घालायचा, दोन-तीन मेखा वाकवायचा आणि मग, रेविनचं 'रे' करून, म्हणायचा, "रे, जरा बघतेस का?" – आणि ती चार बोटं डावीकडे सरकून, तिरकी धरून, एका दमात मेख ठोकून द्यायची. मग आज, कुणी विचारणारं नसताना, सकाळच्या या स्वच्छ उजेडात, आपण नेमकं धोंड्यावरच का ठोकतो आहोत?

कारण आज तो धोंडा फुटायला हवा होता.

तो फुटला नाही. ती चार बोटं डावीकडे सरकली. दोर ताणला, आणि जाड हिरवं कापड ओढलं जाऊन ताठ उभं राहिलं. या तंबूची एकही शिवण आता मूळची नव्हती. टाइमारू गावातल्या ज्या कारखान्यात ती ट्रकच्या ताडपत्र्या आणि बोटींची आच्छादनं शिवायची, तिथल्याच यंत्रावर, जेवणाच्या सुट्टीत, वर्षाला एक-दोन करत तिने सगळ्या शिवणी नव्याने घातल्या होत्या. दोघं वेगळे होताना वाटणी झाली तेव्हा नेव्हिल म्हणाला होता, बोट मी घेतो, तंबू तुला राहू दे, जुनाच तर आहे. आणि मागच्या महिन्यात त्याचा निरोप आला – आम्ही तीन तारखेला तळ्यावर जातोय, तू समजून घेशीलच, तू ईस्टरला जात जा. ईस्टरला! ईस्टरला, थंडी लागली की, इथे बादलीतल्या पाण्यावर बर्फाची पापडी धरते. समजून घेशीलच... हे त्याने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. तिने उत्तर दिलं नाही. दोन तारखेच्या संध्याकाळी येऊन गाडीतच झोपली आणि उजाडताच काठावरच्या या जागेवर, बीच जातीच्या मोठ्या झाडाखाली, तंबू पसरला.

"कोण ठोकतंय सकाळी सकाळी? मला वाटलं, बोटीचा धक्का मोडायला आलं कुणी."

आंटी हेनी. कॅम्प सांभाळणारी. सत्तरी कधीच उलटून गेलेली, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, हातात पानं ओढायचं दाताळं. गोरे, तिच्यासारखे मूळचे माओरी, नवे, जुने – सगळे तिला आंटीच म्हणत.

"उठवलं का तुम्हाला?"

"मला नाही, पक्ष्यांना उठवलंस." आंटीने तंबूकडे पाहिलं, मग आत डोकावून एकाच अंथरुणाकडे. "एकटीच?"

"एकटीच."

"आणि आज तीन तारीख. नेव्हिलने फोन केला होता मला. आमची नेहमीची जागा राखून ठेवा, म्हणाला."

"मग? राखलीत?"

"इथे राखून ठेवायची पद्धत नाही. जो आधी येईल त्याची. माझ्या आज्यालासुद्धा हे तळं कुणासाठी राखता आलं नाही, तर हा नेव्हिल कोण लागून गेला?" ती दाताळ्यावर रेलली. "भांडणार आहेस?"

"नाही."

"रडणार आहेस?"

"नाही."

"मग काय करणार आहेस बाई?"

"सुट्टी घालवणार आहे."

आंटी खो खो हसली. "मग त्यांचं काही खरं नाही," म्हणाली आणि पानं ओढत संडासांच्या दिशेने निघून गेली.

सुट्टी. शब्द बोलून तर झाला, पण सुट्टीत करतात काय? तिने चहासाठी खोका उघडला, किटली काढली, कप काढायला लागली. एक, दोन... पाचवा कप फळीवर ठेवताना तिचा हात थांबला. हात स्वतःच मांडत होते. किटलीसुद्धा ती मोठी, बारा कपांची. हातांना कुणी कळवलंच नव्हतं. टेसा, तिची मुलगी, निघताना म्हणाली होती – मम्, कशाला जातेस, स्वतःला त्रास करून घ्यायला? – तेव्हा रेविनला सांगता आलं नव्हतं, पण आता हे चार जादा कप खोक्यात परत टाकताना तिला वाटलं, यासाठी. या हातांना कळावं म्हणून.

वाऱ्याची झुळूक आली की झाडांपलीकडून धबधबा ऐकू यायचा. सलग, दूर कुणी पीठ चाळत असावं तसा. इथून चाळीस मिनिटांची वाट. एकोणीस जानेवारींत ती त्या वाटेने एकदाही गेली नव्हती. पहिल्या वर्षी टेसा चार महिन्यांची होती. मग एक वर्ष सासूबाईंचा घोटा सुजला. मग कुणीतरी शेकोटीपाशी थांबायला हवं होतं, सॉसेज भाजायला हवे होते, ओले कपडे वाळत घालायला हवे होते... पुढच्या वेळी, नक्की. आणि ती सगळ्यांना निरोप द्यायची, हात हलवून, हसून – खरं हसून, तेच तर...

आठ वर्षांपूर्वी ग्लेंडाला तिनेच आणलं. ग्लेंडाचा घटस्फोट झाला होता, कारखान्यात शेजारच्या यंत्रावर बसून ती रडायची, तिच्या डोळ्यांतलं पाणी ताडपत्रीवर पडून लहान लहान गोल डाग उमटायचे. चल गं आमच्याबरोबर, तेवढंच बरं वाटेल. आणि बरं वाटलं. दोन वर्षांपूर्वीची ती दुपार – नेव्हिल आणि ग्लेंडा धबधब्यावर गेले. दोघंच, बाकी सगळे जेवून सुस्तावले होते. चाळीस मिनिटं जायला, चाळीस यायला. ते साडेतीन तासांनी आले. केस ओले, आणि दोघंही एकमेकांकडे न बघण्याची काळजी घेत होते. मी काय केलं? मी दोघांना टॉवेल दिले. दोरीवर उन्हात तापलेले, मुद्दाम गरम ठेवलेले. मला कळलं होतं. आजवर सगळ्यांना सांगत आले की मला काही कल्पना नव्हती, पण त्या क्षणी, टॉवेल पुढे करताना, मला कळलं होतं – आणि मी विचारलं, सूप गरम करू का?

त्या सूपाबद्दल तिला नेव्हिलपेक्षा स्वतःचा राग जास्त यायचा. यायचा, म्हणजे अजून येतो.

ते दुपारी बाराच्या सुमारास आले. गाडी नेहमीसारखी झाडाच्या दिशेने वळली आणि मध्येच, गवतात, थांबली. इंजिन चालूच. काचेआड दोन चेहरे. मग नेव्हिल उतरला. त्याने केस बारीक कापले होते, नवी टोपी घातली होती. तो चालत आला तसा तिला त्याचा उजवा गुडघा दुखत असल्याचं कळलं, आणि हे आपल्याला कळावं याचाच तिला संताप आला.

"रे... हे काय?"

"तंबू."

"तसं नाही. मी तुला कळवलं होतं."

"मिळाला निरोप."

"मग असं का करतेस? ग्लेंडाला किती अवघड होईल, विचार केलास?"

रेविनने खरोखरच विचार केला. त्याला उत्तर द्यावं म्हणून नव्हे, तर सवयीने – कुणाला काय अवघड होईल याचा विचार तिच्या आत आपोआप सुरू व्हायचा. मग तो तिने बंद केला. बंद करता येतो, हे तिला त्या क्षणीच कळलं.

"तिकडे संडासाच्या अलीकडे जागा आहे," ती म्हणाली. "जरा उघड्यावर आहे, पण सपाट आहे."

"तिथे वारा लागतो!"

"हो, लागतो."

त्याने गाडीकडे वळून पाहिलं. तिने पुस्तक उघडलं होतं. एक अक्षर दिसत नव्हतं, पण पान तिने योग्य वेळी उलटलं.

ग्लेंडा आली ती अर्ध्या तासाने. एकटी. डोळे आधीच लाल. तळ्याकडे पाठ करून उभी राहिली, हातांची बोटं एकमेकांत गुंतवून.

"मला तुझ्याशी बोलायचंय, रेविन."

"मला नाही बोलायचं."

"तू मला एकदाची शिव्या तरी दे. खरंच. हवं ते बोल. तू काहीच बोलत नाहीस ना, तेच मला सहन होत नाही. वर्ष झालं, मला झोप नाही."

बिचारी, असं मनात आलं. आलंच. ताडपत्रीवरचे ते गोल डाग. जरा जवळ घेतलं, दोन शब्द टाकून बोललं, तर ही रडेल, मोकळी होईल, निवांत झोपेल – आणि मी पुन्हा टॉवेल धरून उभी. नाही. माझ्या शिव्यासुद्धा हिला हव्यात, त्यासुद्धा हिच्याच उपयोगाला!

"ग्लेंडा, मी सुट्टीवर आहे," ती म्हणाली. "तुझं तू बघ."

आणि इथे बसून राहिले तर ही हलणार नाही असं वाटून ती स्वतःच उठली, बुटांच्या नाड्या बांधल्या, आणि धबधब्याच्या वाटेला लागली. ठरवून नव्हे. पाय वळले. ग्लेंडा मागून म्हणाली, "कुठे निघालीस?" – आणि त्या प्रश्नात इतकं नवल होतं, इतकं निर्मळ नवल, की रेविनला हसू फुटलं.

वाट तिच्या कल्पनेपेक्षा चढणीची होती. मुळं, शेवाळ, काळ्या चावऱ्या माश्या. ती धापा टाकत होती आणि रागावत होती. झाडांवर रागावत होती, नेव्हिलच्या गुडघ्यावर, ग्लेंडाच्या झोपेवर, सासूबाईंच्या घोट्यावर, त्या सगळ्या सॉसेजवर. छप्पन्नाव्या वर्षी कुणी इतकं रागावू शकतं! राग पायांत उतरला, आणि पाय चांगले चालू लागले.

धबधबा लहान होता. ती वळणावर येऊन उभी राहिली आणि आधी तिला वाटलं, हा नव्हे, खरा पुढे असणार. पुढे वाट नव्हती. दोन मजल्यांइतकी उंची, खाली हिरवा डोह, एका खडकावर कुणाचा तरी राहिलेला एकच मोजा. बस्स? यासाठी ते सगळे ओले केस, चमकणारे डोळे, "रे, तू यायलाच हवं होतंस" – यासाठी मी एकोणीस वर्षं त्याला मनात वाढवत बसले, डोंगराएवढा केला... तिला फसवल्यासारखं वाटलं. मग आणखी बघत राहिली तसं वेगळंच वाटू लागलं. त्याला कुणी मोठा म्हणावं अशी त्याची काही अपेक्षा दिसत नव्हती. तो पडत होता. तिने बूट काढले आणि कपड्यांसकट डोहात शिरली. थंडी अशी की श्वास घशातच राहिला. ती ओरडली – मोठ्याने, शब्द नसलेलं काहीतरी – आणि पाण्याच्या आवाजात ते तिचं तिलाही नीट ऐकू आलं नाही. म्हणून पुन्हा ओरडली. तिसऱ्यांदा ओरडली तेव्हा त्यात राग नव्हता. काय होतं ते तिला सांगता आलं नसतं. मजा असावी.

ती परतली तेव्हा वायव्येचा वारा सुटला होता. चार वाजले की तो असा सुटतोच. उघड्यावरच्या त्या जागेवर नेव्हिलचा नवा, हलका, निळा तंबू एका बाजूने फडफडत होता – छताची शिवण हातभर उसवली होती. ग्लेंडा दोन्ही हातांनी खांब धरून उभी. आंटी हेनी लांब आपल्या पायरीवर चहा घेत बसली होती. उठायची तिची काही चिन्हं नव्हती.

रेविनने दुरूनच पाहिलं. धागा बारीक, टाके लांब, कडेला पट्टी नाही. असं शिवलेलं टिकणार कसं? तिच्या खोक्यात दाभण होतं, मेण लावलेला दोरा होता. बोटांची टोकं नुसती शिवशिवली.

नेव्हिल आलाच. "रे, ऐक ना. तुझं दहा मिनिटांचं काम आहे."

"हो. दहासुद्धा नाही लागणार."

"मग देतेस का जरा..."

"नाही."

तो वाट बघत राहिला. त्या 'नाही'च्या पुढे काही येईल म्हणून. नेहमी यायचं – डोकं दुखतंय, आत्ताच बसलेय, सॉसेज करपतील. तिच्या प्रत्येक नकारामागे तिने आयुष्यभर एक कारण जोडलं होतं, आणि कारण आलं की तो ते मोडून काढायचा. आताही ते जिभेवर आलं – कपडे ओले आहेत माझे – आणि तिने ते गिळलं.

"नाही म्हणजे?"

"नाही."

वारा मध्ये होता. तिच्या ओल्या कपड्यांतून पाणी टपकत होतं, दात वाजत होते. तो वळला, गुडघा सांभाळत गेला. उसवलेल्या कडेवर त्याने चिकटपट्टी लावायला सुरुवात केली. ती टिकणार नाही, हे तिला दिसत होतं. जिंकल्यासारखं काही वाटत नव्हतं. घर रिकामं करून झाल्यावर खोलीत आवाज घुमतो, तसं आत काहीतरी मोठं आणि मोकळं झालं होतं, आणि त्याची भीतीही वाटत होती.

कोरडे कपडे घालून ती तंबूच्या तोंडाशी बसली. पाच वाजले असतील. सावली आली होती. या जागेवर पाचला सावली येते, डोंगर आड येतो. दरवर्षी पाचला ती स्वेटर चढवायची. समोरच्या काठावर मात्र, धबधब्याचा ओढा तळ्याला मिळतो तिथल्या खड्यांवर, लख्ख ऊन होतं. नेव्हिलने ही जागा निवडली होती ती बोटीसाठी. इथून बोट पाण्यात ढकलायला सोपी जाते. बोट! तिच्याकडे तर बोटच नव्हती. मग ही जागा... ही जागा मला आवडते का?

उद्या तिकडे हलावं? हलले तर हे म्हणतील, हरली, पळाली. राहिले तर म्हणतील, हट्टाला पेटलीय. सकाळी या जागेसाठी ती कुणाचाही जीव घ्यायला तयार होती, आणि आता ते ऊन बघताना तिला नुसतं तिथे असावंसं वाटत होतं, इतकं साधं, की त्यात ते दोघं कुठेच नव्हते. पण मग इथून उठणं म्हणजे... आणि तरीही बसून राहणं म्हणजेसुद्धा... तुला काय हवंय, रेविन? हा प्रश्न इतका अनोळखी होता, की कुणी विचारला म्हणून तिने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. ती पुन्हा समोर वळली. उत्तर येत नव्हतं, पण ते यावं म्हणून कुणी ताटकळलेलंही नव्हतं, आणि पलीकडच्या खड्यांवरचं ऊन बघत ती त्या प्रश्नापाशी, जरा अवघडून, जरा अधाशीपणाने, बसून राहिली.