डाव्या खांद्याचं अस्तर

गिऱ्हाईक एका बाजूला झुकलेलं असेल तर कपड्यानं त्याला सांभाळून घ्यायचं, हे आई पंधरा वर्षांच्या शिवणकामात शिकली होती. कुणाचा खांदा उतरलेला, कुणाची कंबर एका अंगाला. तंतोतंत सरळ माणूस तिच्या टेपखाली क्वचितच यायचा. त्याची वाच्यता करायची नाही, कात्रीनं निस्तरायचं. म्हणूनच तिच्या हाताला नाव होतं.

आणि म्हणूनच खारूची पाठ तिला दिसली नाही.

खारू म्हणजे तिची चौदा वर्षांची लेक. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून हे नाव. तिनं जन्मात तयार कपडा घातला नव्हता. यंदा शाळेच्या धावण्याच्या संघात निवड झाली आणि सगळ्यांना सारखे टी-शर्ट मिळाले. तो घालून ती आरशासमोर उभी राहिली नि ओरडली, "आई, हे बघ, काय वाकडं शिवलंय!"

आईनं टी-शर्ट टेबलावर पसरून पाहिला. तो सरळ होता.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी खारूला पाय जुळवून पुढे वाकायला सांगितलं. ती वाकली तशा उजव्या बाजूच्या फासळ्या वर आल्या, चादरीखाली कुणी मूठ धरावी तशा. एक्स-रेमध्ये कणा मध्यावर उजवीकडे निघून जाऊन पुन्हा परत आला होता.

"दप्तर एका खांद्यावर टाकते, दुसरं काय!" सोबत आलेली आत्या म्हणाली. "नाहीतर तो मेला मोबाइल."

"दप्तरानं होत नाही आणि मोबाइलनंही नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वाढीच्या वयात काही मुलामुलींचा कणा वळतो आणि वळताना थोडा पिळतोही. का, ते अजून कुणालाच नीट ठाऊक नाही. यात कुणाची चूक नसते."

कारण सापडत नसलं तरी दुखण्याला नाव होतं. ते लांबलचक नाव आईच्या डोक्यात शिरलंच नाही. तिनं एवढंच विचारलं, "पट्टा बांधून सरळ होईल?"

"पट्टा सरळ करत नाही हो. वाढत्या अंगात बाक आणखी वाढू नये म्हणून तो असतो. हिची वाढ संपत आलीय आणि बाक पन्नास अंशांच्या पुढे गेलाय. आता ऑपरेशनचाच विचार करायला हवा." मग त्यांनी सहज विचारलं, "घरी कधी लक्षात आलं नाही? कपडे एका बाजूला ओघळणं वगैरे?"

आई तोंड उघडणार तेवढ्यात खारूच ऐटीत म्हणाली, "माझे कपडे कधीच ओघळत नाहीत. आई शिवते."

घरी आल्यावर आईनं खारूचे शाळेचे जुने शर्ट काढले आणि एकेक शर्ट मधोमध दुमडून पाहिला. सगळ्यात जुन्याच्या दोन्ही बाजू एकमेकींवर नीट बसल्या. त्याच्या पुढच्याचा डावा खांदा उसवला, तर आत अस्तराचा एक जादा पदर निघाला. त्याच्या पुढच्यात दोन, आणि उजवी पाठ बोटभर रुंद. सध्याच्या शर्टात तीन. आता तिला आठवलं. माप घेताना ती म्हणाली होती, "सरळ उभी राहा गं." खारू म्हणाली होती, "सरळच आहे की!" आणि आईनं खडू उचलला होता.

"काय उसवतेस?" खारू दारात उभी होती.

आईनं तिला जवळ बसवून एकेक शर्ट दाखवला. "माझ्या हाताला कळलं होतं, बाळा. डोक्यापर्यंत पोचलंच नाही."

खारूनं नखानं अस्तराचे पदर सुटे केले. "तेव्हाच पट्टा लावला असता तर?"

"कदाचित थांबलं असतं. कदाचित नसतंही. मघाशीच डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलं मी. त्यांनाही नक्की सांगता येत नाही."

"मग मला तरी कशाला सांगितलंस?" खारूचा आवाज फाटला. "काहीच फरक पडला नसता म्हणायचंस! एवढं छान झाकता येतं तुला."

ती आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. आईच्या मांडीवर शर्ट तसाच पडून राहिला.

पळायला डॉक्टरीणबाईंची हरकत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी खारू संघाचा टी-शर्ट घालून बाहेर आली. गळा डावीकडे उतरला होता, उजव्या खांद्यामागचा फरा कापडातून वर आला होता.

"डावीकडे एक टाका घालून देऊ?" आईच्या तोंडून निघून गेलं. सुई तिच्या हातात ओवलेलीच होती.

"हात लावायचा नाही याला," खारू म्हणाली. "सगळ्यांना दिसू दे. तुलाही."

ती बूट बांधायला दारात वाकली. आईनं नजर वळवली नाही. गळा आणखी ओघळला, तशी आईच्या बोटांची चिमूट आपोआप पुढे गेली. तिनं ती मागे घेतली आणि सुई टाचणीच्या उशीत खोचून ठेवली.