गोल बटणाचं मशीन

अंजनाबाईला मशीन नकोच होतं. कामरेजच्या नव्या फ्लॅटसाठी तिला हवा होता एक दणकट पाटा आणि बाल्कनीत कपडे वाळत घालायला दोरी. पण तिच्या लेकाच्या, प्रज्ञेशच्या, डोक्यात हॉलसाठी म्युझिक सिस्टिम बसली होती, आणि त्याच्या डोक्यात एकदा काही बसलं की काढायला सुतार बोलवावा लागतो. म्हणून रविवारी दुपारी चौघं रिंगरोडवरच्या एका काचेच्या दुकानात उभी होती. प्रज्ञेश, त्याची बायको निशा, अंजनाबाई आणि तिचा नवरा रामजी. रामजीनं आत शिरताना चपला दाराशी काढल्या होत्या. त्या परत पायात घालायला लावण्यात अंजनाबाईचा पहिला राग खर्च झाला.

सेल्समननं तीन मशीनं मांडली. "सब कुछ एक ही डिब्बे में, माजी," तो म्हणाला. रेडिओ त्यातच, स्पीकर त्यातच, इंटरनेटवरची गाणीही त्यातच. वायरींचं जंजाळ नाही. पहिलं मशीन नुसतं बोलून चालायचं. दुसऱ्याचं तोंड म्हणजे काळी काच, बोट टेकवलं की काम करायची. तिसरं जरा जाडजूड, लाकडी अंगाचं, समोर एक मोठं गोल बटण असलेलं. ते त्यानं कडेला सारलं होतं, लग्नात गरीब पाहुण्याला बसवतात तसं.

"दुनिया का कोई भी गाना बोलो," सेल्समन म्हणाला.

"योगराजकाकांचं लावा. पाटीचं गाणं," प्रज्ञेश छाती पुढे काढून म्हणाला. "हल्ली सगळीकडे तेच चालतंय. आपल्या गृहप्रवेशाला काका स्वतः येणार आहेत, प्रमुख पाहुणे म्हणून."

पहिल्या मशीनमधून ढोलकी आली आणि मग योगराजचा तुपकट आवाज.

*भाकर बांधून निघालो आम्ही, पाटी राहिली दारी,*
*पोरांनो ती उचला आता, आली तुमची बारी.*

अंजनाबाई जागच्या जागी ताठ झाली. हे गाणं रामजीचं होतं. लिंबायतमधल्या भाड्याच्या खोलीत, कापडाच्या लूमवरून आल्यावर, भाकरी मोडता मोडता त्यानं ते बांधलं होतं. त्यांची गायन पार्टी होती तेव्हा. रामजी पुढे गायचा, अंजनाबाई झांज वाजवायची, धुडकू ढोलकीवर असायचा आणि हा योगराज मागे उभा राहून कोरस धरायचा. पुढे रामजी पलसाण्याच्या कापड रंगवायच्या डाईंगमध्ये लागला आणि तिथल्या वाफेनं त्याचा गळा खाल्ला. पार्टी योगराजकडे गेली, गाणीही गेली. त्याचं अंजनाबाईला काही वाटलं नव्हतं. गाणं गाणाऱ्याचं असतं, एवढं तिलाही कळत होतं. पण शेवटच्या कडव्यात ज्यानं गाणं बांधलं त्याचं नाव येतं, आणि ते कोणी हलवत नाही. भल्या माणसांत तरी हलवत नाहीत.

दुसरं मशीन दाखवायला सेल्समननं गाणं मध्येच तोडलं. ओळ अर्धी राहिली, तशी रामजीनं ती आपल्या फाटक्या आवाजात पुरी केली. त्याची ती जुनी खोड होती. अर्धी ओळ त्याला सोसायची नाही. जेवण अर्धं टाका पण ओळ टाकू नका, असं तो पार्टीतल्या पोरांना सांगायचा.

दुसऱ्या मशीनवर गाणं शेवटापर्यंत वाजलं.

*एकच आमच्या जिवाला या लेकरांची काळजी,*
*लिंबायतीचा कामकरी हा सांगतो योगराजजी.*

अंजनाबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. नाव चोरलं ते चोरलं, वर स्वतःच स्वतःला 'जी' लावून घेतलं. काळजीशी जुळवायला मेल्याला दुसरं काही सुचलं नसणार. आणि जन्मात कधी लूमवर उभा राहिला नाही, तो म्हणे कामकरी.

"चालीत बसत नाही," रामजी पुटपुटला. "दोन अक्षरं जास्त होतात."

त्याला तेवढंच खुपलं होतं. अंजनाबाईला त्या क्षणी चोरापेक्षा नवऱ्याचा राग जास्त आला.

"हे गाणं तुझ्या बापाचं आहे," ती लेकाला म्हणाली. "तिथं रामजी असं नाव होतं."

प्रज्ञेशनं मोबाईल काढून तिच्या डोळ्यांसमोर धरला. "हे बघ. गीत, संगीत, गायक, योगराज. लाखो लोकांनी ऐकलंय. तुझं काहीतरीच असतं, आई."

"मी झांज वाजवली आहे त्या गाण्याला."

"झांज वाजवली म्हणजे गाणं आपलं होतं का?" तो वळला. "पपा, तुम्हीच सांगा. तुम्ही लिहिलंय?"

रामजीनं आधी बायकोकडे पाहिलं, मग सेल्समनकडे, मग स्वतःच्या चपलांकडे. "जाऊ दे ना व," तो अंजनाबाईला म्हणाला. "गाणं लोकांपर्यंत गेलं. आपलाच माणूस शे."

"आपला शे म्हनीसन काय व्हयनं?" अंजनाबाईही खानदेशी बोलीत फणकारली. आपला म्हणून काय झालं?

"झालं," प्रज्ञेश म्हणाला. "स्वतःचं असतं तर कोणी गप्प बसलं असतं का?"

त्याच्या तोंडावर बापाबद्दल जी कीव आली ती अंजनाबाईनं नीट पाहून घेतली. लेक योगराजच्या नावानं छाती पुढे काढत होता आणि जन्मदात्याची कीव करत होता. गाणं गेलं तरी चाललं असतं. हे तिला चालणार नव्हतं. दुकानात तमाशा करून उपयोग नाही हेही तिला कळलं, कारण पोटचा पोरगा मोबाईलवरच्या अक्षरांवर विश्वास ठेवणार, आईवर नाही. ती गप्प झाली. अंजनाबाई गप्प झाली की घरातली माणसं सुटकेचा निःश्वास टाकत, आणि दर वेळी फसत.

ती मशीनांकडे वळली. "बंद कसं करायचं दाखव," तिनं सेल्समनला फर्मावलं.

पहिल्या मशीनला तिनं "बंद हो" म्हणून सांगितलं. आतली बाई हिंदीत माफी मागत बसली आणि गाणं पुढे दोन ओळी जाऊन थांबलं. दुसऱ्याच्या काचेवर तिनं बोट दाबलं. साड्यांना टिकल्या चिकटवून चिकटवून तिच्या बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती, काचेला तिचं बोट बोटच वाटेना. तिसऱ्याचं गोल बटण तिनं मुठीत धरून डावीकडे फिरवलं. आवाज तिथल्या तिथं मेला. उजवीकडे फिरवलं, पुन्हा आला. तिनं ते ठेक्यावर तीन-चारदा करून पाहिलं. झांजेवर हात टेकवून नाद मारायची सवय हाताला अजून होती.

"हेच घ्यायचं."

"मम्मी, हॉलना कलर साथे मॅच नथी थतुं," निशा आपल्या गुजरातीत म्हणाली.

"मग हॉलचा रंग बदल."

"आई, ते म्हाताऱ्यांचं मशीन दिसतं," प्रज्ञेश चिडला. "तुला यातलं काय कळतं? आवाजाची क्वालिटी तरी ऐकलीस का?"

"गोल बटणाचं घेणार नसशील तर मी नव्या घरात पाऊल टाकणार नाही. पाहुण्यांना सांग, आई मेली म्हणून."

सेल्समन छताकडे पाहू लागला. प्रज्ञेशनं दात आवळून कार्ड काढलं.

गृहप्रवेशाला बुद्धवंदना झाली, खीर वाटली गेली आणि मग योगराज आला. पांढरा सफारी, गळ्यात आधीच कुठला तरी हार, मागे मोबाईल उगारून चालणारी दोन माणसं. आल्या आल्या त्यानं रामजीचे पाय धरले.

"दादांचा आशीर्वाद आहे सगळा," तो खोलीला ऐकू जाईल असं म्हणाला. "जयभीम, वहिनी. बरे आहात ना?"

"जयभीम, योगराजभाऊ. तुमच्या कृपेनं."

चोराच्या उलट्या बोंबा तिनं पाहिल्या होत्या. चोर पाया पडताना ती पहिल्यांदाच पाहत होती. रामजी मात्र कानापर्यंत लाजला आणि त्यानं योगराजला उठवून जवळ बसवून घेतलं.

अंजनाबाई मशीनशेजारच्या स्टुलावर जाऊन बसली. तिथं कोणी बसायचं नाही असं निशानं दोनदा सुचवून पाहिलं होतं. लिंबायतहून आलेली म्हातारी मंडळी सतरंजीवर दाटीवाटीनं बसली होती, त्यांत ढोलकीवाला धुडकूही होता. प्रज्ञेशनं चार शब्द बोलून घेतले. योगराजकाकांनी आपल्या समाजाचं नाव मोठं केलं वगैरे. मग त्यांच्या सन्मानार्थ मोबाईलवरून त्यानं गाणं लावलं आणि नव्या मशीनमधून ते खणखणीत वाजू लागलं. मशीन चांगलं होतं, हे अंजनाबाईलाही कबूल करावं लागलं असतं, कोणी विचारलं असतं तर.

टाळ्या सुरू झाल्या. योगराज डोळे मिटून मान डोलवत होता. शेवटचं कडवं आलं. अंजनाबाईनं बटणावर मूठ ठेवली.

*एकच आमच्या जिवाला या लेकरांची काळजी,*
*लिंबायतीचा कामकरी हा सांगतो*

तिनं बटण फिरवलं. गाणं कापल्यासारखं तुटलं आणि टाळ्या पुढे दोन ठेके जाऊन अडखळल्या.

"काय झालं? नेट गेलं का?" प्रज्ञेश उठला.

"बस खाली," अंजनाबाई म्हणाली. "योगराजभाऊ, पुढचं तुम्ही म्हणा. तोंडानं."

योगराज हसला. "वहिनी, आज गळा बसलाय."

"एकच नाव तर उरलंय. एवढ्याला गळा कशाला लागतो?"

"वहिनी..."

"ज्यानं गाणं बांधलं त्याचं नाव घ्या. तो कोण, ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या शेजारीच बसलाय की दुसरीकडे कुठं बसलाय, ते या लोकांना सांगा."

योगराजच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण त्याखालचं सगळं निघून गेलं. त्यानं तोंड उघडलं. रामजीचा गुडघा त्याच्या गुडघ्याला टेकलेला होता. रेकॉर्डिंगच्या खोलीत जे नाव सहज घेता आलं होतं ते इथं निघेना. त्यानं तोंड मिटलं आणि पाणी मागितलं. निशा पाण्याला उठली तसं अंजनाबाईनं तिला डोळ्यानंच बसवलं.

ओळ हवेत लोंबकळत राहिली. अंजनाबाई योगराजकडे पाहत होती, म्हणून रामजीची चुळबूळ तिच्या उशिरा ध्यानात आली. त्याची बोटं मांडीवर ठेका धरून होती. कपाळावर आठ्या पडल्या होत्या. त्यानं एकदा योगराजकडे आशेनं पाहिलं, जणू हा आता म्हणेल, कोणतंही नाव म्हणेल, पण म्हणेल. योगराज खाली पाहत होता.

"रामजी," रामजी म्हणाला.

फाटक्या आवाजात, पण नेमक्या सुरावर, नेमक्या ठेक्यावर. म्हणून झाल्यावर, हातून काही सांडल्यासारखी त्यानं मान खाली घातली. मागून धुडकूनं मांडीवर थाप मारली आणि आख्खी ओळ उचलली. लिंबायतच्या म्हाताऱ्या बायका-पुरुषांनी ती त्याच्या तोंडातून घेतली. सांगतो रामजी, सांगतो रामजी. त्यांना तिथं दुसरं नाव कधी ठाऊकच नव्हतं. मोबाईलवर गाणं ऐकायची पाळी त्यांच्यावर आलीच नव्हती.

योगराजला एकाएकी दुसरा कार्यक्रम आठवला. खिरीची वाटी तशीच ठेवून तो उठला, त्याची माणसं मोबाईल खिशात घालून मागे निघाली. पाहुणा न जेवता निघाला तर खानदेशी घरात त्याला हाताला धरून परत बसवतात, चपला लपवून ठेवतात. अंजनाबाई स्टुलावरून हलली नाही. प्रज्ञेश दारापर्यंत गेला, पण जेवून जा असं त्याच्याही तोंडून निघालं नाही.

परत येऊन तो बापासमोर सतरंजीवर बसला. अंजनाबाईनं योगराजची ती खीर बेसिनमध्ये ओतली आणि वाटी घासायला घेतली.

"पपा," प्रज्ञेशनं शेवटी विचारलं, "मी दुकानात एवढं विचारत होतो. तेव्हा का नाही बोललात?"

"तेव्हा ओळ पुरी झाली होती ना," रामजी म्हणाला.