ऐरणीची सुट्टी

मी ऐरण बोलतेय. एखादा प्रश्न ऐरणीवर आला असं तुम्ही म्हणता ना, तीच मी. खरं सांगायचं तर माझ्यावर आजवर एकही प्रश्न आला नाही. आले ते घोड्यांचे नाल, नांगराचे फाळ आणि दारांच्या बिजागऱ्या.

टेक्सासात नवी वस्ती होत होती तेव्हा मी बैलगाडीतून इथे आले. वाटेत गाडीचं चाक दोनदा मोडलं आणि दोन्ही वेळा बोल लागला माझ्या वजनाला. पण गाव वसलं आणि माझ्यावाचून कुणाचं पान हलेना. पुढे ट्रॅक्टर आले. मालकाच्या नातवाने मला कोठाराच्या दाराला टेकू म्हणून लावलं. शेवटी मी फ्रिस्को गावाच्या पुढे, लोकांना बघायला म्हणून नव्याने मांडलेल्या या जुन्या वसाहतीत आले. इथली शाळा एका गावची, चर्च दुसऱ्या गावचं, मी तिसऱ्याच गावची. तरी आमचं छान जमतं.

लोहारकाम करून दाखवायचा डेल. पांढऱ्या मिशांचा, मनाने राजा. पण बघायला कुणी थांबेना, मुलं आईस्क्रीमकडे पळायची. मग भट्टी विझली. माझ्याभोवती दोरी आली, 'हात लावू नये' अशी पाटी आली आणि एका सोमवारी मला म्युझियमच्या काचेच्या कपाटात हलवायचं ठरलं. मला फार वाईट वाटलं. घाव पडत नसतील तर ऐरण कसली, ते नुसतं वजन.

त्याआधीच्या शनिवारी सिद्धेश आणि सुमेधा आले, त्यांची लेक अनुष्का आली आणि नागपूरहून आलेल्या सिद्धेशच्या आई, सुहासिनीबाईही आल्या. त्या दिवशी खंडेनवमी होती. घरी लॅपटॉप, मिक्सर आणि गाडीची पूजा उरकूनच मंडळी निघाली होती. माझ्याजवळचा घण आणि सांडशी बघून सुहासिनीबाई थबकल्या.

"अगं सुमेधा, एवढी हत्यारं आणि आजच्या दिवशी कोरडी?"

सुमेधा काही बोलायच्या आत त्या दोरीखालून आत शिरल्या. पर्समधून डबी निघाली, मला हळदकुंकू लागलं, वर झेंडूचं फूल आलं.

"आई, अगं काय करतेस? इथे टच करणं अलाउड नाहीये," म्हणत सिद्धेश ओल्या टिश्यूने मला पुसू लागला. तेवढ्यात डेल धावत आला. हळदीचं त्याला काही नव्हतं, पाण्याचं होतं. ओल लागली तर गंज चढेल, म्हणाला. मग त्याने विचारलं, हा रंग कसला?

"इट्स थँक-यू डे फॉर टूल्स," अनुष्काने सांगितलं.

डेल माझ्याकडे बघत राहिला. मग एकदम बाह्या सावरून भट्टी पेटवायला निघाला. सुहासिनीबाईंनी त्याला अडवलं.

"अनुष्का, आजोबांना सांग, आज नाही. पूजा झाली की त्या दिवशी हत्यार वापरत नाहीत. आज तिची सुट्टी. उद्या दसरा आहे, उद्या येतो आम्ही."

मला हसू आलं. मी कितीतरी महिने रिकामीच होते. पण रिकामं पडणं वेगळं आणि सुट्टी मिळणं वेगळं. उद्या कामावर यायचं असतं, त्यालाच सुट्टी मिळते.

ते खरंच येतील का, याची मात्र धाकधूक होती. रविवारी बघते तर गाड्यांची रांग. एरवी त्यांच्या मराठी मंडळाचं सीमोल्लंघन हॉलच्या पार्किंगमध्येच आटोपायचं. सुमेधाने ग्रुपवर टाकलं, यंदा सीमोल्लंघन लोहाराच्या दारी, आणि झब्बे-साड्यांनी वसाहत भरून गेली.

भाता फुसफुसला, लोखंड लाल झालं आणि घण पडला. काय सांगू, अंग कसं मोकळं झालं. अनुष्काने पिशवीतून आपट्याचं पान काढून दाखवलं आणि डेलने माझ्यावर तसंच लोखंडी पान घडवलं. आवाज ऐकून म्युझियमच्या ऑफिसातल्या बाईही आल्या. गर्दी बघून त्यांनी डेलला विचारलं, पुढचं प्रात्यक्षिक कधी? मग पाटी त्यांनीच काढून नेली.

पान निवलं तेव्हा सुहासिनीबाईंनी ते आधी माझ्यापुढे धरलं. "घे बाई, सोनं घे."

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. मी तर घणाचे सोसले. देवपण नकोच मला, त्या एका 'बाई'ने पोट भरलं.

काचेच्या कपाटात आता एक जुनी किटली बसते. तिला ते आवडतं. माझ्या अंगावर हळदीचा डाग अजून आहे, डेल तो घासत नाही. तुम्ही या. आईस्क्रीम नंतर खा, आधी डेलला घण उचलायला सांगा. फक्त खंडेनवमीला येऊ नका, त्या दिवशी मी सुट्टीवर असते.